उपाशीमावशी

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या आणि आतल्या दारामध्ये जी चिंचोळी जागा होती, तिथे एक लोखंडी स्टूल, एक ट्रॉली आणि एक बाई असायची. बाईला सगळं हॉस्पिटल उपाशीमावशी म्हणायचं. तोंडावर नुसतं मावशी, पाठ फिरली की उपाशीमावशी. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून बरंही वाटायचं. असं नाव कुणाला फुकट मिळत नाही.

पेशंटला गाऊन चढवायचा, अंगठ्या, बांगड्या, कवळ्या काढून नातेवाइकांच्या ओंजळीत द्यायच्या, आणि विचारायचं, "शेवटचं काय खाल्लं? कधी?" एवढंच तिचं काम. हाच प्रश्न डॉक्टर विचारत, सिस्टर विचारत, आदल्या दिवशी वॉर्डातही विचारला जाई. पण डॉक्टरांना मिळे ते उत्तर, आणि मावशीला मिळे ते खरं. ती आधी नातेवाइकाला विचारी, मग पेशंटला, आणि मग गाऊनच्या नाड्या बांधता बांधता सहज बोलल्यासारखं म्हणे, "आज खालचा चहा काय पाणचट होता, नाही?" बिचारा पेशंट बोलून जाई, "हो ना, साखरच नव्हती." झालं! ट्रॉली माघारी.

एकदा एका म्हाताऱ्याच्या मिशीत बिस्किटाचा चुरा सापडला. एका धट्ट्याकट्ट्या ट्रक ड्रायव्हरला त्याच्या आईने सकाळीच उकडलेली अंडी चारली होती, का तर म्हणे ऑपरेशनला ताकद नको का? मावशीने ट्रॉली दारात आडवी घातली. सर्जन आतून ओरडले, "मावशी, माझा वेळ जातोय!" मावशी म्हणाली, "तुमचा वेळ जातोय, त्याचा जीव जाईल. काय चालेल ते सांगा." सर्जननी मुकाट्याने हातमोजे काढले आणि चहा प्यायला गेले. काय करतील?

हा कडकपणा तिच्यात उगाच आला नव्हता. नोकरीला लागली त्याच वर्षी तिने एक पोरगी पाहिली होती, अपेंडिक्सची. पोरीने भुकेने कासावीस होऊन दूधपाव खाल्ला होता आणि सांगितलं नव्हतं. भूल दिली की माणूस झोपतो आणि त्याच्याबरोबर घशातला पहारेकरीही झोपतो. पोटातलं वर येतं, श्वासाच्या नळीत उतरतं, आणि माणूस कोरड्या खोलीत, दिव्याखाली, सगळ्या डॉक्टरांच्या देखत बुडतो. पोरगी वाचली नाही. तेव्हापासून मावशीने मनाशी खूणगाठ बांधली: पोटात काही निघालं तर कुणीतरी खोटं बोललंय. चोर एखादे वेळी चोरीचं खरं सांगेल, पण भुकेला माणूस घासाचं खरं सांगणार नाही. तिची सगळी अक्कल, सगळा रुबाब या एका गोष्टीवर उभा होता. गोष्ट तशी खोटी नव्हती, अर्धवट होती. आणि अर्धवट फार वाईट.

घरी मिस्त्री. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा, दारं-खिडक्या करणारा सुतार. "मी दारं करतो, ही दार अडवते, आमचं जमायचं कसं?" हा त्याचा ठरलेला विनोद, घरी येईल त्याला ऐकवायचा. पोरबाळ नव्हतं. दोन गल्ल्या सोडून त्याची धाकटी विधवा बहीण राहायची, घरी मशीन घालून कपडे शिवायची. मावशी तिला वन्सं म्हणे. नणंद-भावजयीत जितकं पटलं तर लोक संशय घेतात, त्याहून जास्त या दोघींचं पटायचं.

मिस्त्री खाणारा गडी होता. दिवसभर फळ्या उचलायच्या, रंधा मारायचा, आणि घरी येऊन ताटावर तुटून पडायचं. काही वर्षांमागे त्याच्या छातीत जळजळ व्हायला लागली. मावशीने त्याला आपल्याच हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी, दोन आठवडे. जळजळ अशी पळाली की जणू कधी नव्हतीच. आता गुण आलेली गोळी कोण बंद करतो? पाहुणी म्हणून आली आणि घरचीच होऊन बसली.

आणि विकत तरी कुठे घ्यायची होती? या हॉस्पिटलात पित्ताच्या गोळीला औषध असं कुणी मानतच नसे. दाखल झालेल्या प्रत्येकाला ती मिळे, ताप असो नाही तर मोडलेला पाय असो. औषध कंपन्यांची माणसं नमुन्याच्या पट्ट्या टेबलावर ठेवून जात, आणि त्या सिस्टरांच्या पर्समध्ये, वॉर्डबॉयच्या खिशात, मावशीच्या डब्यात लिमलेटच्या गोळ्यांसारख्या फिरत. जेवण जड झालं? घे एक. डोकं चढलं? घे एक. सासू आलीय? मग दोन घे. सगळे हसत आणि सगळे घेत.

पुढे पुढे मिस्त्रीचं जेवण आटत गेलं. चार घास खाल्ले की हात थांबायचा. "रात्री जेवतो ते सकाळी उठलो तरी तिथंच बसलेलं असतं," तो पोटावर हात फिरवत म्हणायचा. "अगं, माझं पोट म्हणजे सरकारी कचेरी झालंय. कागद आत जातो, पण पुढच्या टेबलावर काही सरकत नाही."

मावशी पोट धरधरून हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "पित्त वाढलंय तुमचं," आणि रात्रीचीही एक गोळी सुरू केली.

जळजळ तर केव्हाच गेली होती. मग पित्त कसलं? पण हे विचारणार कोण? जड वाटतं म्हणून गोळी, गोळी घेऊनही जड वाटतं म्हणून आणखी गोळी. वन्सं एकदा म्हणाल्या, "वहिनी, दादाला परत एकदा दाखवा ना कुणाला. इतक्या गोळ्या बऱ्या नव्हेत." मावशीला राग आला. "वन्सं, मी रोज डॉक्टरांत वावरते. तुम्ही तुमची शिलाई बघा." वन्सं गप्प बसल्या. त्या नेहमीच गप्प बसत, हीच त्यांची चूक.

मग जांघेत गाठ आली. हर्निया. चौकटी उचलून उचलून आलेला. मिस्त्री सुईला घाबरणारा माणूस, त्याने पुष्कळ दिवस टाळलं, पण एकदा कामावर गाठ आत जाईना तेव्हा घामाघूम होऊन घरी आला आणि म्हणाला, "घेऊन चल तुझ्या दाराशी." मावशीने सर्जनना गाठलं, भुलीच्या डॉक्टरांना गाठलं. हे भुलीचे डॉक्टर तिच्या खास मर्जीतले होते. तरुण, शांत, आणि तिने ट्रॉली माघारी पाठवली की तिचीच बाजू घेणारे. "मावशी, अगदी साधं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही दारावर असताना काय होणार आहे?"

आदल्या दिवशी वॉर्डात दाखल करायच्या आधी तिने घरी मटण केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नंबर होता, तोवर बिचाऱ्याला पाणीही मिळायचं नव्हतं. दिवेलागणीला तिने त्याला समोर बसवून मटण-भात वाढला. त्याला जाईना, पण बायकोने एवढ्या हौसेने केलं म्हणून तो जेवला. उरलेलं तिने डब्यात भरून वन्संना दिलं, कारण रात्री वॉर्डात वन्सं बसणार होत्या आणि मावशीची सकाळची पाळी होती. सकाळी पाळीवर जाताना ती वॉर्डात डोकावली. घोटभर पाण्याबरोबर पित्ताची गोळी मात्र तिने त्याला न चुकता दिली.

दुपारी मिस्त्री ट्रॉलीवरून दारात आला. खरं तर त्या दिवशी दुसऱ्या बाईला तिथे बसवायचं ठरलं होतं. पण मावशी ऐकेल तर शपथ. तिने स्वतः त्याला गाऊन घातला, बोटातली अंगठी काढली, ती सहज निघाली, कारण बोटं वाळली होती. मग सगळ्यांच्या देखत तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "बोला, शेवटचं काय खाल्लंत? कधी?"

"काल संध्याकाळी, तुझ्या हातचं मटण," मिस्त्री म्हणाला. "आणि अजून तिथंच आहे बघ. फाईल काही हलली नाही."

सिस्टर हसल्या, वॉर्डबॉय हसला, मावशीही हसली. "भीतीने पोटात गोळा आलाय तुमच्या, दुसरं काही नाही."

भुलीचे डॉक्टर आले. त्यांनी सगळं पुन्हा रीतसर विचारलं. शुगर? नाही. दम? नाही. "औषधं काही चालू आहेत का?"

"कसली औषधं, डॉक्टर!" मावशी म्हणाली. "औषधाच्या बाटलीने आमच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही." ती खोटं बोलत नव्हती. सकाळी दिलेली गोळी तिच्या ध्यानीमनीही नव्हती.

आतल्या दाराशी पोचताना मिस्त्री म्हणाला, "हे दार कुणी केलंय गं? बिजागऱ्या कुरकुरतात." दार लागलं.

आधी पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर करायचं ठरलं होतं. पण मिस्त्री तरुणपणी परांचीवरून पडला होता, मणके दबलेले. सुई कुठेच वाट देईना. मग पूर्ण भूल द्यायचं ठरलं. हे तिला नंतर कळलं. स्टुलावर बसल्या बसल्या तिला कळलं ते एवढंच की आत सक्शन, घशातलं ओढून काढायचं मशीन, सुरू झालं. ते मशीन रोजच वाजायचं. पण हा आवाज थांबेना, आणि मधूनच काहीतरी अडकल्यासारखा तो घुसमटायचा. घट्ट काही नळीत आलं की तो तसा होतो. ती उठून उभी राहिली आणि उभीच राहिली.

भुलीचे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा मास्क गळ्यात होता. "मावशी, त्यांनी काय खाल्लंय?"

"काही नाही."

"मावशी, मटणाचे तुकडे निघालेत. भात निघालाय. छातीत गेलंय. मला खरं सांगा."

"कालचं..."

"कालचं संध्याकाळचं आज दुपारपर्यंत राहतं का कुठे? तुम्हीच लोकांना सांगता ना?"

सांगत होतीच ती. इतकी वर्षं तेच तर सांगत आली होती. तेव्हा आता दुसरं काय निघणार? कुणीतरी खोटं बोललं होतं.

मिस्त्रीला नळी घालून मशीनवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलभर झालं की उपाशीमावशीने जगाला उपाशी ठेवलं आणि आपल्या नवऱ्याला मात्र चारलं. ज्यांच्या ट्रॉल्या तिने परत पाठवल्या होत्या ते सर्जन फक्त बघून गेले. ते बघणं तिला झोंबलं. नवरा आत बुडतोय आणि बाहेर इज्जत जातेय, माणसाने कशासाठी आधी रडावं? ती रडली नाही. ती चिडली. आणि चिडून सरळ वन्संकडे गेली.

वन्सं खाली बाकावर बसून होत्या, रिकामा डबा मांडीवर.

"तुम्ही दिलंत," मावशी म्हणाली.

"काय, वहिनी?"

"मटण. डब्यातलं. त्यांनी मागितलं आणि तुम्ही दिलंत."

"देवाशपथ नाही! मी बाहेर येऊन, इथेच या बाकावर खाल्लं. दादाला वासही नको म्हणून."

"डबा कुणी धुतला?"

"मीच."

"धुणारच तुम्ही. काही मागे राहू नये म्हणून." वन्संचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मावशीला तोही कबुलीजबाबच वाटला. असे चेहरे तिने दारात पुष्कळ पाहिले होते. "भावाचा जीव घेतलात. आता वर येऊ नका. मला तोंड दाखवू नका."

आणि वन्सं खरंच वर गेल्या नाहीत. रोज सकाळी त्या फाटकापाशी येऊन उभ्या राहत, वॉचमनला विचारत, आणि परत जात. अहो, एकदा तरी भांडायचं! ओरडायचं, झिंज्या धरायच्या. पण नाही. गप्प बसणाऱ्या माणसांचा राग येतो तो यासाठी.

मिस्त्रीच्या फुप्फुसांत पू झाला. ताप उतरेना. एका दुपारी झोपेचं औषध जरा कमी केलं आणि त्याने डोळे उघडले. तोंडात नळी, हात पट्टीने बांधलेले. त्याने मावशीला ओळखलं. डोळ्यांच्या कडेला हसल्यासारखं काहीतरी झालं.

तिने त्याचा हात धरला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. तिने वाकून त्याच्या कानात विचारलं, "अहो, खाल्लंत ना? वन्संनी दिलं ना? मी रागावणार नाही. नुसती मान हलवा."

मिस्त्रीने मान हलवली. डावीकडून उजवीकडे. नाही.

"खरं सांगा."

पुन्हा तेच. नाही. नळी हलली आणि मशीन ओरडायला लागलं.

जन्मात तिने नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं. "खोटारड्या," ती म्हणाली. "मरायला टेकलास तरी खोटं बोलतोस? माझं नाक कापलंस." आणि सिस्टर धावत आल्या म्हणून ती बाजूला झाली.

त्याने डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत. दोन दिवसांनी मिस्त्री गेला.

सगळं उरकल्यावर भुलीच्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनाही ते खात होतं. त्यांनी दार लावलं, तिला खुर्ची दिली. "मावशी, मला एक समजत नाही. जे निघालं ते ताजं नव्हतं. त्या दिवशी खाल्लेलं असतं तसं नव्हतं. त्यांना आधीपासून पोटाचा काही त्रास होता का? जड वाटणं, चार घासांत पोट भरणं?"

"होतं की. म्हणून तर पित्ताची गोळी देत होते."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "कुठली गोळी?"

तिने पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली. अर्धी संपलेली. "ही. सकाळ-संध्याकाळ. पुष्कळ वर्षं झाली."

"मावशी, हे औषध आहे."

"हे?" ती म्हणाली. "डॉक्टर, हे तर सगळेच खातात. तुम्हीही खाता."

त्यांनी पट्टी उलटीसुलटी केली. मग हळूहळू, शब्द शोधत, सांगितलं. पोटातलं आम्ल म्हणजे नुसती जळजळ नव्हे. मटणासारखं घट्ट अन्न फोडायला सुरुवात तेच करतं. पोटाच्या खालच्या तोंडाशी एक दारवान असतो. "तुमच्यासारखाच कडक. मोठा तुकडा पुढे सोडत नाही, बारीक होईपर्यंत मागे पाठवत राहतो. आम्ल दाबून टाकलं की तुकडे बारीक व्हायला वेळ लागतो. पाणी, चहा निघून जातं. घास मागे राहतो."

"सगळ्यांचं होतं असं?"

"थोडंफार पुष्कळांचं होत असेल, पण त्यांना कळतही नाही. रात्रभरात बहुतेकांचं पोट रिकामं होतंच. यांचं पोट मुळातच मंद झालं असेल. त्यात ही गोळी, त्यात भरपूर मटण, त्यात भीती. कशाने किती झालं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "पण त्यांनी चोरून खाल्लं असं मला वाटत नाही. मी त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो. मी नीट विचारायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं होतंत," मावशी म्हणाली. "मीच नाही म्हटलं." मग म्हणाली, "त्यांनीही सांगितलं होतं. दारात. फाईल हलली नाही म्हणाले. मी हसले."

पट्टी टेबलावरच ठेवून ती उठली. बाहेरच्या जिन्यावर एका सिस्टरने तिला थांबवलं, मायेने गालाला हात लावला आणि म्हणाली, "मावशी, दिवसभर पोटात काही नसेल तुमच्या. पित्त होईल. ही घ्या एक." मावशीने तिच्या तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं. एवढीशी, मोहरीएवढ्या दाण्यांनी भरलेली. आणि ती जिना उतरली.

वन्संच्या खोलीचं दार उघडंच होतं. मशीन चालू होतं. सावली पडली तशी वन्संनी वर पाहिलं आणि मशीन थांबवलं. मावशी उंबऱ्यावरच उभी राहिली. आत या असं कुणी म्हटलं नाही.

"वन्सं, त्यांनी खाल्लं नव्हतं."

"मला माहीत होतं, वहिनी."

"तुम्हीही दिलं नव्हतंत."

वन्संनी सुईतला दोरा ओढून तोडला.

"गोळ्यांनी झालं. मी दिलेल्या. तुम्ही सांगत होता." मावशीने चौकट धरली. ती मिस्त्रीनेच बसवलेली होती. "आणि शेवटी, त्यांनी डोळे उघडले तेव्हा, मी त्यांना खोटारडा म्हटलं."

वन्संनी हातातल्या कापडाची सुरकुती बोटाने सरळ केली. मग त्यांनी विचारलं, "ऐकलं का दादाने?"

"ऐकलं."

गल्लीतून एक सायकल गेली. वन्सं उठल्या, कापडाची घडी घातली, ती मशीनवर ठेवली. डोळे पदराने पुसले, आणि मावशीकडे न बघता म्हणाल्या, "काही खाल्लंत का?"

"नाही," मावशी म्हणाली. "कालपासून काही नाही."

वन्संनी पुन्हा विचारलं नाही. "बरं," म्हणाल्या, आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवून भात टाकायला आत गेल्या.